न पाहिलेला डबा

माझं मराठी बरं आहे, हाच या सगळ्या भानगडीचा उगम. मला चार वाक्यं धड लिहिता येत नसती, तर माझे सासरे भातलावणीच्या दिवशी बांधावर छाती धरून बसले नसते. हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, "काहीतरीच काय, तुझा काय दोष?" दोष होता. निदान अर्धा तरी माझाच होता, आणि उरलेल्या अर्ध्याचा मला इतका संताप आहे की सगळं सांगून टाकल्याशिवाय चैन पडायची नाही.

माझं माहेर कर्जतचं. आजोबा मास्तर, वडील मास्तर, मग मीही मास्तरीण. रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाले आणि एका विनाअनुदानित शाळेत बारा वर्षं विज्ञान शिकवलं. एक दिवस शाळेनं दोन तुकड्यांची एक तुकडी केली आणि मला नारळ दिला. सासर पोशीरला, भातशेतीचं घर. नवरा खालापूरकडे एका कारखान्यात सुपरवायझर. मी घरात बसून भांड्यांवर राग काढत होते, तेवढ्यात कॉलेजातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. तिची एक वेबसाइट होती, शरीर कमावण्याबद्दल माहिती देणारी. हिंदीत जोरात चालत होती. आता मराठीत काढायची होती.

"अगं, मी जन्मात भरलेल्या सिलिंडरपेक्षा जड काही उचललेलं नाही," मी म्हणाले.

"तुला उचलायचं नाहीये, लिहायचंय. आपल्या लोकांना मराठीत खरी माहिती मिळत नाही. तू विज्ञानाची बाई आहेस."

विज्ञानाची बाई! नारळ मिळाल्यानंतर सहा महिन्यांत मला कुणी बाई म्हटलं नव्हतं. मी लगेच भाळले.

पहिले लेख मी मन लावून लिहिले. अंड्यात काय असतं, वालात आणि चवळीत काय असतं, जोर-बैठकांनी कुठले स्नायू कामाला लागतात, झोप कमी झाली की काय होतं. पुस्तकं काढून, ताडून पाहून लिहिले. दुसराच लेख परत आला. मी त्यात लिहिलं होतं, की डाळभात, अंडी, दूध आणि पुरेशी झोप एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. ते वाक्य लाल केलेलं होतं.

"चुकलंय का?" मी फोन करून विचारलं.

"चुकलं नाही गं. पण हे वाचून माणूस काय करेल? समाधानानं निघून जाईल. आपल्याला तो बटण दाबून जायला हवाय."

मग मला ते बटण कळलं. प्रत्येक लेखात तिसऱ्या परिच्छेदानंतर एक चौकोन असायचा, त्यात एका डब्याचं चित्र आणि खाली 'किंमत पाहा'. वाचकानं तिथं बोट लावलं की तो दुकानात जाणार, आणि त्यानं डबा घेतला की त्यातला वाटा वेबसाइटला येणार. म्हणजे आमचा लेख हा लेख नव्हताच, दुकानाची पायरी होती. माहिती फुकट होती ती एवढ्याचसाठी. वाल-चवळीच्या खाली बटण लावून कुणाला काही मिळत नाही. वाल बाजारात सुटे मिळतात.

नंतर याद्या आल्या. 'दहा सर्वोत्तम' अमुक, 'दहा सर्वोत्तम' तमुक. मला वाटलं, दहा डबे घरी येतील, मी उघडून बघेन, निदान वास घेईन. मैत्रीण हसली. दहातला एकही डबा कुणी पाहिला नव्हता, तिनंही नाही. पहिला नंबर कुणाचा हे वाटा कोण जास्त देतो त्यावर ठरायचं, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्यानं जास्त दिला की पहिला चौथा व्हायचा. त्या चौथ्याच्या पावडरीत मधल्या काळात काय बिघडायचं, ते मी माझ्या शब्दांत लिहायचं. लेखांवर नाव एका डॉक्टरचं असायचं. हा डॉक्टर जन्मलाच नव्हता. त्याचा फोटो विकत आणलेला होता, गळ्यात स्टेथोस्कोप आणि शर्टाच्या बाह्या दंडाला आवळलेल्या. वाचकांचे अनुभवही मीच लिहायचे. एका लेखासाठी मी चार वाचक जन्माला घातले, एक नगरचा, एक साताऱ्याचा, दोन असेच. चौघांचेही दंड एकाच महिन्यात फुगले.

वाचणाऱ्याला प्रश्न पडेल की मी हे का करत राहिले. पैसे मिळत होते हे खरंच. पण त्याहून वाईट कारण सांगते. लेख छान होत होते. लोक खाली लिहायचे, 'डॉक्टर, इतकं सोपं करून कुणीच सांगितलं नव्हतं.' मी ते पुन्हा पुन्हा वाचायचे. बाकी सावधगिरीची वाक्यं मी इमानदारीत लिहीत होते, की हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी हे घेऊ नये. ती वाक्यं अगदी तळाशी, 'आणखी वाचा' दाबल्यावर उघडणाऱ्या कप्प्यात जायची. मी लिहिली तर होती ना, म्हणून मी हात झटकून मोकळी.

त्यात एक लेख व्यायामाआधी पाण्यातून घ्यायच्या पावडरीवर होता. पहिल्या नंबरच्या डब्यावर चारशे शब्द हवे होते. चित्रात लाल झाकण होतं आणि कलिंगडाची फोड होती. मी लिहिलं, 'चव कलिंगडाची, पाण्यात सहज विरघळते, तळाशी गाळ राहत नाही.' हे मला कसं कळलं? कळलं नाही, सुचलं. चांगल्या पावडरीबद्दल आणखी काय लिहिणार? सुरुवात मात्र जमेना. मग मला आबांचं वाक्य आठवलं.

आबा म्हणजे माझे सासरे, सदुसष्ट वर्षांचे. शाळेत चौथीपर्यंत गेलेले. मी लग्न होऊन आले तेव्हा मला धड ताटावर बसून जेवता येत नव्हतं, नव्या घराचं दडपण होतं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले होते, "सावकाश जेव गं. खाल्लेलं आंगी लागाय पायजे, नायतर तो नुसता भार." त्या दिवसापासून हे घर माझं झालं. तेच वाक्य मी जरा शुद्ध करून लेखाच्या डोक्यावर बसवलं, 'आमच्याकडचे एक जुने शेतकरी म्हणतात' असं म्हणून. मैत्रिणीनं फोन करून शाबासकी दिली. "हेच हवंय, मातीतलं," म्हणाली.

आता नवऱ्याकडे येते. शेलूपासून खोपोलीपर्यंत हल्ली पाहावं तिकडे टॉवर आणि टॉवरखाली जिम. नवऱ्याच्या कारखान्याजवळही एक निघाली. चाळिशी उलटलेल्या, एके काळी गावच्या कबड्डी संघात खेळलेल्या माझ्या नवऱ्याला एक दिवस आरशात स्वतःचं पोट दिसलं. शिफ्ट संपली की तो तिथे जाऊ लागला. जिमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय काय फिरायचं, त्यात एक दिवस माझा लेख आला. मी घरी एवढंच सांगितलं होतं, की आरोग्याचं काहीबाही लिहिते. त्या खोट्या डॉक्टरची लाज वाटायची, म्हणून वेबसाइटचं नाव कधी काढलं नव्हतं. पण नवऱ्यानं पहिली ओळ वाचली आणि आपल्या बापाचं वाक्य ओळखलं. मी माहेरी गेले होते तेव्हा त्यानं तो लेख आबांना ओटीवर मोठ्यानं वाचून दाखवला. दोघांनी ठरवलं, तिला सांगायचं असतं तर तिनं सांगितलं असतं, आपण कशाला विचारा. आणि नवऱ्यानं डबा मागवला. किमतीवरून मी ओरडेन म्हणून तो जिममध्येच ठेवला. यातलं मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे लावणी सावडीनं होते. आज तुमच्या भातखाचरात सगळ्यांनी राबायचं, उद्या माझ्या. मजुरी नाही, पण ज्याचं खाचर त्यानं खाऊपिऊ घालायचं. त्याची रीत असते. यजमान आधी सगळ्यांना देतो, स्वतः शेवटी घेतो. एकट्यानं काही तोंडात टाकणं तर फारच वाईट. आबा याबाबतीत कडक. जुलै अर्धा झाला होता, रोपं तयार होती, नवऱ्यानं रजा टाकली होती. सकाळी बांधावर त्यानं पिशवीतून तो डबा काढला आणि स्वतःपुरता बाटलीत घोळ करायला घेतला. लावणी म्हणजे व्यायामच, असा त्याचा हिशेब.

"एकलाच पितोस काय रं?" आबा म्हणाले. "समद्यांना दे."

मग काय, नवऱ्यानं माणशी एक माप मोजलं आणि ती सगळी पावडर पाण्याच्या कळशीत ओतली. वर लिंबू पिळलं, साखर टाकली. फारसं ढवळलं नाही. सहज विरघळते असं वाचलं होतं ना त्यानं! मग आठ जणांना पेले भरभरून दिले. वरचं वरचं पाणी आठ जणांनी प्यायलं. रीतीप्रमाणे यजमान शेवटी. कळशीच्या बुडाशी जो लालभडक गाळ उरला होता, तो आबांनी दोन पेले करून संपवला. टाकून कशाला द्यायचं, एवढ्या महागाचं आहे.

मी दुपारी भाकरी आणि सुकटीचं कालवण घेऊन पोचले, तेव्हा खाचरात जत्रा चालली होती. एरवी लावणीत एक लय असते, वाकायचं, मूठ सोडायची, रोपं रोवायची, अधूनमधून पाठ सरळ करून कुणाची तरी खोड काढायची. त्या दिवशी कुणी पाठ सरळ करत नव्हतं आणि सगळे एकदम बोलत होते. शेजारची काकी हात खाजवत वर आली.

"आज हात थांबतच नाय बघ गं! पण आंगभर नुसत्या मुंग्या आल्यात. चिखलात कायतरी हाय."

"आमाला पण," मागून दोघीतिघी ओरडल्या.

त्या कळशीच्या गळ्याला मला लाल वळ दिसला. "यात काय होतं?"

"सरबत," नवरा म्हणाला. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू कबड्डीत एका चढाईत तीन गडी मारून आला आहे. "ताकदीचं. पहिल्या नंबरचं."

बांधावर तो डबा उभा होता. लाल झाकण, कलिंगडाची फोड. आठवडाभर मी तो पडद्यावर बोटभर उंचीचा पाहिला होता. खराखुरा पहिल्यांदाच पाहत होते. चांगला पायलीएवढा मोठा होता.

"आबा कुठायत?"

आबा पलीकडच्या बांधावर आंब्याखाली बसले होते. एक हात छातीवर, कपाळावर घाम, ओठ कोरडे. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि ती रोज सकाळी मीच हातावर ठेवते.

"काय होतंय आबा?"

"कायतरी फडफडतंय गं आत. पाखरू शिरल्यावानी."

मी नाडी धरली. ती धावत होती, मधेच थबकत होती, पुन्हा धावत होती. मी नवऱ्यावर अशी ओरडले, की पलीकडच्या शेतातली माणसं वळून बघायला लागली. रोपं आणलेला टेंपो उभाच होता. आबांना चिखलाच्या पायांनी त्यात बसवलं आणि कर्जत गाठलं. वाटेत नेरळच्या फाटकापाशी गाडी अडकली तेव्हा मी कधी नव्हे ते देवाला हाका मारल्या, आणि त्याचबरोबर त्या न जन्मलेल्या डॉक्टरला शिव्या घातल्या. मग लक्षात आलं, की त्या शिव्या माझ्याच अंगावर येतायत. आपलेच दात, आपलेच ओठ.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, सलाईन लावलं, इंजेक्शन दिलं, मग विचारलं, "यांनी घेतलं काय होतं?" मी डबा पुढे केला. त्यांनी चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली. उत्तेजक भरपूर आहे एवढं कळत होतं. किती आहे ते लिहिलेलं नव्हतं, 'खास मिश्रण' असं म्हणून सगळं एका ओळीत गुंडाळलेलं होतं. त्या खास मिश्रणाचं मी लेखात कौतुक केलं होतं. 'कंपनीचं गुपित' असा शब्द वापरला होता.

"रक्तदाबाच्या माणसाला हे कुणी दिलं?" डॉक्टर म्हणाले. "शिकलेली दिसता तुम्ही."

मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून आबा बोलले, "वाईट नसंल डाक्टर ते. आमच्या सूनबायनंच लिवलंय त्याच्याबद्दल. माजं बोलणं पण घातलंय त्यात."

ते हे अभिमानानं सांगत होते. छातीला तारा चिकटवलेल्या, नाडी सुतासारखी तुटत होती आणि माणूस सुनेचं कौतुक करत होता. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं होकारार्थी मान हलवली. तेव्हा मला सगळं कळलं, आणि खाटेभोवतीच्या हिरव्या पडद्याआड कुठे लपता आलं असतं तर मी लपले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठोके ताळ्यावर आले. डॉक्टरांनी एक गोळी वाढवली आणि बजावून सांगितलं, की यापुढे चिखलात वाकायचं नाही. आबांनी ते ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. कळायला लागल्यापासून एकही लावणी त्यांनी चुकवली नव्हती.

मी दवाखान्याच्या जिन्यातूनच मैत्रिणीला फोन लावला. तो डबा काढ म्हटलं. तो लेखच काढ.

"आबा बरे आहेत ना आता? मग झालं तर," ती म्हणाली. "अगं, लेख चांगला चाललाय. आणि तळाशी तू लिहिलंयस ना, रक्तदाब असेल तर घेऊ नये म्हणून? आपण कुठे अडकत नाही."

"अडकायचं कोण विचारतंय? माणूस मरत होता!"

"एका माणसाला एक माप लिहिलंय. कळशीत ओता असं कुठे लिहिलंय?"

बरोबर होतं तिचं. कळशीत ओता असं मी लिहिलं नव्हतं. माझा वाचक एकटा पितो, असंच मी धरून चालले होते. मी पोशीरला राहते, सावडीच्या घरात भाकऱ्या भाजते, आणि तरी लिहिताना मला एकही माणूस आपल्यातला दिसला नव्हता. मी तिला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी लेख स्वतःच पुसायला गेले, तर पासवर्ड बदललेला होता. लेख अजून तिथे आहे. पहिला नंबर आता दुसऱ्याच डब्याचा आहे, बाकी मजकूर तोच, 'गाळ राहत नाही' सुद्धा. डॉक्टर हसतोय. आणि डोक्यावर आबांचं वाक्य. मी तक्रारी लिहिल्या, वेगवेगळ्या ठिकाणी पाठवल्या. 'आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे,' असं उत्तर येतं. आपला अभिप्राय गेला खड्ड्यात.

घरी आल्यावर चार दिवस मी आबांसमोर जायचं टाळलं. पाचव्या दिवशी तेच ओटीवरून म्हणाले, "इकडं ये गं. तोंड काय पाडून फिरतेस? चूक तुजी नाय. कळशीत वतायला मीच सांगितलं."

तिथे मला गप्प बसता आलं असतं. सगळं कळशीवर ढकलता आलं असतं आणि त्यांनी ते आनंदानं ढकलू दिलं असतं. पण ते ज्या मायेनं बोलले, त्यानं मला राहवेना. मी म्हणाले, "आबा, तो डबा मी कधी पाहिलाच नव्हता. त्या दिवशी बांधावर पहिल्यांदा पाहिला."

त्यांना आधी समजलं नाही. "पायला नव्हता म्हंजे? चाखला नव्हता?"

"चाखला नव्हता, हातात धरला नव्हता, काहीच नाही. चित्र बघून लिहिलं. पैसे मिळतात त्याचे."

आबा रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. मग त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, "मग माजं बोलणं कशाला घातलंस त्यात?"

मी त्यांच्या पायापाशी बसून रडले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. ओटीवरून उठून ते गोठ्याकडे गेले. लिहिण्याचं ते काम मी सोडलं. आता कर्जतला शिकवणीचे वर्ग घेते, दहावीच्या मुलांना डब्यामागची बारीक अक्षरं वाचायला लावते. मुलं कंटाळतात.

यंदा लावणीला आबा बांधावर खुर्ची टाकून बसले होते. कुणाच्या ओळी वाकड्या जातायत ते तिथून ओरडून सांगत होते, आणि सगळे त्यांना उलट चिडवत होते. वर्षभर आमच्यात बोलणं होतं, पण कामापुरतं. मी चहाची किटली घेऊन गेले. रीतीप्रमाणे आधी सगळ्यांना दिला, शेवटी आबांच्या हातात कप दिला. त्यांनी तो तोंडापर्यंत नेला आणि थांबले. कपात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ह्ये पायलंयस ना गं तू?"

खाचरातले सगळे हसले. आबा हसले नव्हते.

"पाहिलंय आबा," मी म्हणाले. "मीच केलाय. तुमच्या आधी पिऊनही बघितलाय."

मग त्यांनी घोट घेतला.